नेटवर्क कार्डाचे काउंटर आधी वाच, ड्रायव्हरला हात नंतर लाव

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे काय कशाबद्दल चाललंय ते हाताशी राहील. देवगडला आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीत टॉवर सर्व्हर, त्यावर डेबियन लिनक्स, आत इंटेलचं आय-३५० चार पोर्टवालं गिगाबिट नेटवर्क कार्ड. पोर्ट १ ऑफिसच्या स्विचला, तिथूनच रात्रीचा बॅकअप नॅसवर (नेटवर्कवरच्या डिस्कच्या डब्यावर) जातो. पोर्ट २ कॅमेऱ्यांच्या स्विचला, २८ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. तक्रारी तीन. बॅकअपची कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या वर सरकतच नाही, कॅमेऱ्यांचं चित्र मधेच फाटतं आणि ड्रॉपचा, म्हणजे गळलेल्या पॅकेटांचा, आकडा वाढत राहतो, आणि मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरला सेटिंग देण्याच्या) फाइलमधे इंटरप्ट थ्रॉटल रेटची (कार्डाने सीपीयूला किती वेळा हाक मारायची त्याची) ओळ टाकलीस ती लागूच होत नाही. त्यावर तुला कोणीतरी सांगितलंय की ऑटो निगोशिएशन (दोन टोकांनी आपसात स्पीड ठरवणं) बंद कर, स्पीड १००० फुल फिक्स कर, रिंग (आलेली पॅकेटं तात्पुरती ठेवायच्या जागा) ४०९६ कर, ऑफलोड (सीपीयूचं काम कार्डावर टाकणाऱ्या सोयी) सगळी बंद कर आणि कंपनीच्या साइटवरून नवीन ड्रायव्हर उतरवून टाक, सगळं एकदम.

एकदम काही करू नकोस. सीझन चालू आहे, गाड्या लागल्यात, आणि ह्या पाच बदलांपैकी तुला फक्त एक लागणार आहे असं मला तुझ्या वर्णनावरून दिसतंय, तोही ४०९६ पर्यंत नाही. बाकीच्यातला एक तर उलट नुकसान करेल. मी वीसेक वर्षं रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत हेच काम करतोय, आणि ड्रायव्हरचा प्रॉब्लेम म्हणून मला बोलावलं जातं त्यातले निम्म्याहून जास्त कॉल वायरीतच संपतात, आपल्या किनाऱ्यावर तर हमखास.

आधी हत्यार ओळखून घे, लिनक्सवर नेटवर्क कार्डाची सेटिंग्ज बघायची-बदलायची कमांड. इथटूल. ह्यात एक खूण लक्षात ठेव, छोटं अक्षर दाखवतं आणि तेच अक्षर कॅपिटल केलं की बदलतं. छोटा जी म्हणजे रिंग किती आहे ते दाखव, कॅपिटल जी म्हणजे बदल. छोटा के ऑफलोड दाखवतो, कॅपिटल के बदलतो, छोटा सी आणि कॅपिटल सी इंटरप्टच्या वेळेचे, छोटा एल आणि कॅपिटल एल रांगांचे (येणारा माल वेगवेगळ्या कोअरवर वाटायच्या वाटा). पण एस ला हा नियम उलटा आहे आणि तिथेच माणसं घसरतात. कॅपिटल एस नुसते आकडे दाखवतो, छोटा एस स्पीड आणि डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी म्हणजे फुल, की आळीपाळीने म्हणजे हाफ) बदलतो. चालू सर्व्हरवर घाईत काही टाइप करताना हे अक्षर दोनदा बघायचं. आणि छोटा आय, तो ड्रायव्हरचं नाव, व्हर्जन आणि कार्डाच्या फर्मवेअरचं व्हर्जन देतो. तुझ्याकडे तिथे ड्रायव्हरचं नाव आयजीबी असं येईल, ते वहीत लिहून ठेव. चार पोर्टमधला नक्की कुठला पोर्ट कुठल्या नावाचा ह्याचा गोंधळ असेल तर छोटा पी, नाव आणि पुढे सेकंद दे, त्या पोर्टचा दिवा तेवढा वेळ लुकलुकतो. मागे वाकून वायरी ओढून बघण्यापेक्षा हे बरं.

आता पहिली तक्रार, ११ एमबी. हा आकडा ऐकला की मला पुढचं काही विचारावंसं वाटत नाही. १०० मेगाबिटच्या लिंकवर टीसीपीने जास्तीत जास्त ९४ मेगाबिटच्या आसपास माल जातो, म्हणजे सेकंदाला साडेअकरा एमबीच्या जवळपास. गिगाबिटवर तोच आकडा ९४० मेगाबिटच्या आसपास, म्हणजे ११५ एमबीच्या वर. नॅसची डिस्क जुनी असेल, बारीक फायली खूप असतील, तर ४०, ५०, ७० असा कुठलाही आकडा येईल आणि तो वरखाली होत राहील. पण बरोबर अकराला येऊन चिकटलेला आकडा म्हणजे वाटेत कुठेतरी १०० ची लिंक आहे. नुसतं इथटूल आणि पोर्टचं नाव दे, कुठलंही अक्षर न लावता. स्पीड १०० दिसला तर वाट तिथेच अडलीय. तिथे १००० दिसला तर मग नॅस ते स्विच ह्या तुकड्यात १०० आहे, नॅसच्या पोर्टचा दिवा बघ. दोन मशिनमधे आयपर्फ-३ (नुसता नेटवर्कचा स्पीड मोजणारा प्रोग्रॅम) चालवलंस तर डिस्कचा संबंधच जातो आणि उत्तर स्वच्छ मिळतं.

आता गिगाबिटचं कार्ड १०० वर का येतं. १०० मेगाबिटला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. म्हणजे ४, ५, ७, ८ ह्यातली एक पिन जरी गेली तरी गिगाबिट जमत नाही, आणि इंटेलचं कार्ड काही वेळा प्रयत्न करून आपणहून खालच्या स्पीडवर उतरतं. ड्रायव्हर हे लपवत नाही, डी-मेसेजमधे (लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींत) शोध, लिंक स्पीड स्मार्टस्पीडने डाउनग्रेड केला अशा अर्थाची ओळ असते. ही ओळ सापडली तर ड्रायव्हरकडे बघायचं बंद कर आणि केबलला प्लग बसवायचं क्रिम्पिंग टूल घे.

इथे मला आपल्या हवेबद्दल सविस्तर बोलायचंय, कारण पुण्या-मुंबईत लिहिलेल्या सूचनांमधे हे कधी येत नाही आणि देवगडात फॅक्टरी सड्यावर असली तरी वारा खाडीवरून नि समुद्रावरूनच येतो. हवेतलं मीठ बारीक धुळीसारखं प्लगच्या पिनांवर बसतं. ते कोरडं असेपर्यंत फार त्रास देत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं आणि पिनेवर खाऱ्या पाण्याची पातळ साय तयार होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती रेषा रोजच ओलांडलेली असते, आणि मे महिन्याच्या रात्रीसुद्धा. पिनेवर सोन्याचा मुलामा असतो खरा, पण स्वस्त प्लगमधे तो इतका पातळ असतो की त्याला बारीक बारीक भोकं असतात, त्यातून खालचा धातू सडतो आणि हिरवट-पांढरी पूड वर येते. म्हणून प्लग घेताना ५० मायक्रो-इंच मुलाम्याचाच मागायचा, दहा-वीस रुपये जास्त जातील, जाऊ देत. केबल शुद्ध तांब्याचीच. बाजारात कॅट-६ छापलेली पण आत ॲल्युमिनियमवर तांब्याचा लेप असलेली केबल खूप आहे, वजनाला हलकी लागते, टोक तासलं की आत पांढरं दिसतं, ती तर खाऱ्या हवेत दोन धातूंच्या जोडावर लवकर खाल्ली जाते. कॅट-६ च्या स्टँडर्डमधे ती बसतच नाही.

आणि आठ दिव्यांचा तो छोटा टेस्टर, त्याच्यावर फार विसंबू नको. तो फक्त करंट पलीकडे पोचतो का एवढंच बघतो. गंजलेल्या पिनेतून तेवढं पोचतं, आठही दिवे लागतात, आणि गिगाबिटचा सिग्नल मात्र तिथून धड जात नाही. एका कोल्ड स्टोरेजमधे मी ह्याच टेस्टरवर भरवसा ठेवून दोन रात्री ड्रायव्हरची व्हर्जनं बदलत बसलो होतो, वायर ओके आहे असं धरूनच चाललो होतो, तिसऱ्या दिवशी सकाळी पॅच पॅनलचा पोर्ट टॉर्चने बघितला तर दोन पिना हिरव्या. पोर्ट बदलला, काम संपलं. तेव्हापासून टॉर्च आधी.

गंज दिसला तर घासायचं नाही, मुलामा जातो. प्लग कापून नवीन क्रिम्प कर, आणि केबलचं टोक चारेक इंच जास्तच काप कारण गंज आत चढलेला असतो. सर्व्हरच्या पोर्टातच पूड असेल तर मशिन बंद करून काँटॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल, तेलकट स्प्रे अजिबात नको, त्यावर धूळ आणि मीठ अजून चिकटतं.

आता तो स्पीड फिक्स करण्याचा सल्ला, ज्याला मी मघाशी नुकसानीचा म्हटलं तो हाच. तांब्याच्या गिगाबिटचं स्टँडर्ड १९९९ चं आहे आणि त्यात ऑटो निगोशिएशन सक्तीचं आहे, कारण दोन टोकांपैकी घड्याळ कोणाचं धरायचं हे त्या बोलण्यातच ठरतं. आयजीबी ड्रायव्हरला तू १००० फुल, ऑटो ऑफ असं दिलंस तरी तो आतून निगोशिएशन चालूच ठेवतो, फक्त समोरच्याला सांगतो की मला १००० च येतं. त्याचा परिणाम असा की आत्ता खराब वायरवर निदान १०० ची लिंक तरी आहे, ती पण जाईल, पोर्ट सरळ डाउन. आणि १०० फुल फिक्स केलंस तर तिथे निगोशिएशन खरंच बंद होतं, समोरच्या तुझ्या साध्या स्विचला स्पीड ओळखता येतो पण डुप्लेक्स ओळखता येत नाही, मग तो नियमाप्रमाणे हाफ धरतो. एक बाजू फुल, एक हाफ. पिंग छान चालतं, आणि फाइल टाकली की लिंक मान टाकते. स्विचच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेली टक्कर), सर्व्हरच्या बाजूला सीआरसीच्या (पॅकेट वाटेत बिघडल्याच्या) चुका. जुन्या काळातल्या स्विचमुळे हा फिक्स करण्याचा सल्ला रूढ झाला आणि अजून फिरतोय. दोन्हीकडे ऑटो ठेव, कायम.

दुसरी तक्रार, कॅमेऱ्यांची. इथे मात्र ड्रायव्हरचं सेटिंग खरंच कामाला येईल असं वाटतं, पण कुठलं ते काउंटरच सांगेल. इथटूल कॅपिटल एस, पोर्ट २ चं नाव. लांबलचक यादी येईल, त्यातले शून्य नसलेले चुकांचेच आकडे बघ. आणि एकदा बघून उपयोग नाही, बूट झाल्यापासूनची बेरीज असते ती. आता एक प्रत फाइलमधे घे, दहा मिनिटांनी दुसरी घे, फरक काढ. जुना मेलेला आकडा बघून औषध देऊ नये.

आरएक्स म्हणजे आत येणारा माल; आरएक्स सीआरसी एरर्स वाढत असेल तर वायर, परत वरचं सगळं. आरएक्स नो बफर काउंट आणि आरएक्स मिस्ड एरर्स वाढत असतील तर रिंग. ह्या दोघांतला फरक तुमच्याच फॅक्टरीतून सांगतो. गाडी फलाटाला लागते तेव्हा उतरवणाऱ्यांसमोर रिकामे क्रेट मांडलेले असतात, आंबा त्यात पडतो, भरलेला क्रेट आतला माणूस नेतो आणि रिकामा परत आणून ठेवतो. रिंग म्हणजे ते मांडलेले रिकामे क्रेट. आतला माणूस म्हणजे सीपीयू. नो बफर म्हणजे आंबा आला त्या क्षणी एकही रिकामा क्रेट नव्हता, पण गाडीतच थोडा वेळ धरून ठेवता आला. कार्डाच्या आत छोटी मेमरी असते तिथे. मिस्ड म्हणजे ती पण भरली आणि माल जमिनीवर सांडला. नो बफर थोडा असेल आणि मिस्ड शून्य असेल तर घाबरायचं कारण नाही, जवळून चाललंय एवढंच. मिस्ड वाढतोय तर चित्र फाटणारच.

आयजीबीची रिंग मुळात २५६ ची असते, कमाल ४०९६. हे २५६ म्हणजे किती वेळाची उसंत ते काढून बघ. गिगाबिटवर पूर्ण भरलेले १५०० बाइटचे पॅकेट सेकंदाला ८१ हजारांच्या वर येतात, म्हणजे सगळे एकाच रांगेत आले तर २५६ क्रेट तीनेक मिलिसेकंदात भरतात. तेवढा वेळ सीपीयू डिस्कवर लिहिण्यात अडकला की संपलं. कॅमेऱ्यांचा माल एकसारखा येत नाही. दर थोड्या वेळाने प्रत्येक कॅमेरा पूर्ण चित्र पाठवतो, त्याला आय-फ्रेम म्हणतात, एकेकाचे शंभरेक पॅकेट सहज होतात, आणि वीज जाऊन आल्यावर सगळे कॅमेरे एकदम चालू झाले असतील तर त्यांच्या आय-फ्रेमही एकाच ठोक्याला येतात. सरासरी बघशील तर २८ कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिट धरले तरी ११२ मेगाबिट, गिगाबिटला काहीच नाही. मग तू म्हणशील पाइप रिकामा आहे तर ड्रॉप का. तर हे असे झटके सरासरीत दिसत नाहीत, रिंगला मात्र जाणवतात.

म्हणून रिंग वाढव, पण २५६ वरून १०२४ कर आणि थांब. आकड्यांचा फरक परत दहा मिनिटांनी बघ, एखादी रात्र जाऊ दे. १०२४ ला मिस्ड शून्यावर आला तर पुढे जाऊ नको. ४०९६ ने मेमरी जाते, एका रांगेला आठेक एमबी, आणि चार कोअरच्या मशिनवर चार रांगा असतात, पण तो मुद्दा मोठा नाही. मोठा मुद्दा असा की रिंग मोठी झाली की सीपीयू मागे पडतोय हे झाकलं जातं. माल सांडत नाही पण ५० मिलिसेकंद शिळा होऊन पोचतो. आणि सीपीयू कायमच मागे असेल तर ४०९६ क्रेटही भरतातच, जरा उशिरा. टॉप उघडून १ दाब म्हणजे कोअर वेगवेगळे दिसतील, एसआय हा आकडा (पॅकेट उचलण्यासारख्या कामात गेलेला सीपीयूचा वेळ) एकाच कोअरवर वर चढलेला आणि बाकीचे मोकळे असतील तर खरं दुखणं वाटणीचं आहे. प्रॉक इंटरप्ट्स फाइलमधे त्या पोर्टच्या रांगा वेगवेगळ्या कोअरवर मोजल्या जातायत का बघ, आयआरक्यू बॅलन्स (इंटरप्ट कोअरवर वाटणारा प्रोग्रॅम) चालू आहे का बघ, आणि छोटा एल देऊन रांगांची संख्या बघ, कोणी जुन्या काळी १ करून ठेवलेली असेल तर ४ कर.

अजून एक जागा आहे जिथे पॅकेट पडतं आणि दोष कार्डाला जातो. मिस्ड शून्य, सीआरसी शून्य, तरी चित्र फाटतंय, मग नेटस्टॅट छोटा एस छोटा यू दे आणि रिसीव्ह बफर एरर्स बघ. तो वाढत असेल तर माल कार्डातून, ड्रायव्हरमधून व्यवस्थित आत आलाय, रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम तो उचलत नाहीये. तिथे रिंग कितीही वाढव, उपयोग शून्य. तिथे नेट डॉट कोअर डॉट आरमेम मॅक्स (प्रोग्रॅमला मागता येणाऱ्या रिसीव्ह बफरची कमाल मर्यादा) वाढवायचं, तेही प्रोग्रॅम स्वतः मोठा बफर मागत असेल तरच लागू पडतं, नाहीतर कॅमेरे यूडीपीवरून टीसीपीवर (हरवलेलं पॅकेट परत पाठवणाऱ्या पद्धतीवर) न्यायचे, किंवा डिस्क बघायची. माझ्या अनुभवात रेकॉर्डिंगच्या मशिनवर शेवटी डिस्कच निघते बऱ्याचदा.

तिसरी तक्रार, इंटरप्ट थ्रॉटल रेट. ही ओळ तू जिथून घेतलीस ते लिखाण इंटेलच्या स्वतंत्र ड्रायव्हरसाठी आहे, जो वेगळा उतरवून कंपाइल करतात. त्याला हे पॅरामीटर आहे, आणि चार पोर्टला स्वल्पविराम देऊन चार आकडे द्यायचे असतात. डेबियनच्या कर्नलसोबत येणाऱ्या आयजीबीला ते नाहीच. मॉडइन्फो आयजीबी करून बघ, पॅरामीटर म्हणून मॅक्स व्हीएफएस आणि डीबग एवढंच दिसेल. डी-मेसेजमधेही अननोन पॅरामीटर इग्नोर्ड अशी ओळ आली असणार. कुठल्याही ड्रायव्हरला मॉडप्रोबमधून काही द्यायच्या आधी मॉडइन्फो बघायची सवय लाव, नेटवरच्या लेखापेक्षा तुझ्या मशिनवरचा ड्रायव्हर काय म्हणतो ते खरं. ती ओळ काढून टाक आणि अपडेट इनिट-रॅम-एफएस छोटा यू चालव, कारण त्या फाइलची एक प्रत बूटच्या इमेजमधे पण जाऊन बसते, नुसती फाइल पुसून ती जात नाही.

तेच काम कर्नलच्या ड्रायव्हरमधे इथटूल कॅपिटल सी आणि आरएक्स यू-सेक्स ह्याने होतं. काम काय तर झेल्याने, म्हणजे काठीच्या जाळीने, आंबा काढतो तसं. प्रत्येक आंब्याला झेला खाली उतरवला तर माणूस दमतो आणि झाड संपत नाही, फार भरेपर्यंत थांबला तर वजनाने आंबे आत चेपतात. इंटरप्ट म्हणजे झेला खाली उतरवणं. आयजीबीला मुळात ३ दिलेला असतो आणि इथे ३ म्हणजे तीन मायक्रोसेकंद नव्हे, तो एक खुणेचा आकडा आहे, गर्दी बघून वेळ आपोआप कमीजास्त कर असा. १ म्हणजे पण आपोआपच पण जास्त चपळ, ० म्हणजे थांबूच नको, आणि १० आणि त्यापुढचे आकडे खरे मायक्रोसेकंद. २ किंवा ४ ते ९ दिलेस तर इनव्हॅलिड म्हणून परत येतं, तेव्हा कार्ड बिघडलंय असं वाटून घेऊ नको. तुझ्या कामाला ३ च ठेव. एसआय खूप वर असेल तर ५० किंवा १०० देऊन बघ, पण मग रिंग पुरेशी हवी, कारण जितकं जास्त थांबणार तितके क्रेट भरून राहणार. हे दोन आकडे एकमेकांना धरून चालतात.

ऑफलोड बंद करायला सांगणाऱ्याने बहुतेक टीसीपी-डंपमधे (पॅकेटं पकडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधे) चेकसम, म्हणजे पॅकेट शाबूत आहे का ते तपासायचा आकडा, इनकरेक्ट असं बघितलं असेल. बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर ते दिसणारच, चेकसम कार्ड भरतं आणि डंप त्याच्या आधीच्या पायरीवर घेतला जातो. एमटीयूपेक्षा (पॅकेटच्या ठरलेल्या कमाल आकारापेक्षा) मोठी पॅकेटं दिसतात तीही त्याचमुळे. सगळं चालू ठेव, बंद केलंस तर तेच काम सीपीयूवर पडेल आणि कॅमेऱ्यांचं अजून बिघडेल. फक्त एलआरओ नावाचं, आलेली पॅकेटं जोडून मोठी करणारं, एक ऑफलोड आहे ते राउटर किंवा ब्रिज असलेल्या मशिनवर नको असतं, आणि आयजीबीमधे ते ऑफ फिक्स्ड असंच येतं, म्हणून तुला तोही प्रश्न नाही. जंबो फ्रेमचं (१५०० ऐवजी ९००० बाइटच्या पॅकेटांचं) तू विचारलं नाहीस पण कोणीतरी सुचवेलच. कॅमेरे, प्रिंटर, बिलिंगची मशिन सगळी १५०० वर आहेत, त्या नेटवर्कमधे ९००० टाकू नको. नॅसला उद्या वेगळ्या पोर्टवर थेट केबल टाकलीस तर तिथे कर, आणि पिंगला फ्रॅगमेंट करू नको सांगून ८९७२ बाइटचं पॅकेट जातं का बघ, २८ बाइट हेडरचे धरून बरोबर ९००० होतात.

नवीन ड्रायव्हरबद्दल माझं ठाम मत आहे, फॅक्टरीच्या सर्व्हरवर कर्नलसोबतचाच ठेव. बाहेरून कंपाइल केलेला ड्रायव्हर त्या एका कर्नलपुरता असतो. दोन महिन्यांनी कर्नल अपडेट होईल, लगेच काही कळणार नाही, मग एखाद्या रात्री वादळात वीज जाईल, यूपीएस संपेल, पहाटे मशिन नव्या कर्नलवर उठेल आणि ड्रायव्हर नसेल किंवा तुझी सेटिंग्ज नसलेला जुना उठेल. कधी पर्यायच नसला, कार्ड इतकं नवीन की कर्नलमधे नाहीच, तर डीकेएमएस लावून घाल म्हणजे प्रत्येक कर्नलबरोबर तो परत बांधला जातो, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्या ड्रायव्हरवर डिजिटल सही करावी लागते ते पण आठवणीत ठेव.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. आयजीबीवर रिंग बदलली की पोर्ट क्षणभर खाली जाऊन वर येतो, आणि तू लांबून ज्या पोर्टवरून आत आलायस त्याचीच रिंग बदलत असशील तर जीव टांगणीला लागतो. कॅमेऱ्याचा पोर्ट बदलताना ऑफिसच्या पोर्टवरून आत ये. तरी एक दोरी बांधून ठेव, बदल करायच्या आधी शटडाउन, छोटा आर, अधिक १० असं देऊन दहा मिनिटांनी रीबूट लावून ठेव. सगळं ठीक चाललं की छोटा सी देऊन ते रद्द कर. आत यायची वाट तुटली तर मशिन आपणहून रीबूट होईल आणि इथटूलने केलेले बदल रीबूटनंतर राहत नाहीत, म्हणून मूळ जागी परत येईल. लोकांना हे न टिकणं त्रासाचं वाटतं, मला त्याचा आधार वाटतो. म्हणूनच कायमच्या फाइलमधे बदल पहिल्या दिवशी लिहायचा नाही, दोन-तीन रात्री हाताने केलेला टिकला की मग लिहायचा. वेळ रात्रीच्या पाळीनंतरची घे, बिलिंगवाल्यांना सांगून.

कायम करताना डेबियनच्या इंटरफेसेस फाइलमधे त्या पोर्टच्या खाली प्री-अप म्हणून इथटूलची ओळ टाक, इथटूलचा पूर्ण पाथ देऊन. प्री-अप अशासाठी की पोर्ट वर यायच्या आधीच रिंग बसते, मधे लिंक परत पडत नाही. नेटवर्क मॅनेजरवाल्या मशिनवर त्याच्या एनएमसीएलआय कमांडमधे इथटूल डॉट रिंग-आरएक्स असं असतं, तिथे प्री-अप शोधत बसू नको. आणि कोणाकडे विंडोज सर्व्हर असेल तर हीच सगळी बटणं डिव्हाइस मॅनेजरमधे कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमधे आहेत, रिसीव्ह बफर्स म्हणजे रिंग, इंटरप्ट मॉडरेशन म्हणजे झेला.

पावसाच्या आधी एक गोष्ट मात्र कर, ह्याचा ड्रायव्हरशी संबंध नाही पण कार्डाशी आहे. गेटवरचे आणि मागच्या शेडवरचे कॅमेरे तांब्याच्या केबलने थेट त्याच स्विचला आलेत असं तू लिहिलंयस. मे अखेरीला आणि परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा जवळपास पडलेल्या विजेचा झटका त्या बाहेरच्या केबलमधून आत येतो, स्विच जातो आणि त्याच्या मागे सर्व्हरचा पोर्ट. असे अर्धमेले पोर्ट मी बघितलेत, लिंक येते, दिवा लागतो, आणि सीआरसी थांबत नाही, तेव्हा कुठलंच सेटिंग त्याला बरं करत नाही. बाहेरच्या शेडपर्यंत फायबर ने, निदान कॅमेऱ्यांचा स्विच ते सर्व्हर हा तुकडा तरी फायबरचा कर, दोन मीडिया कन्व्हर्टर (तांबं आणि फायबर जोडणारे डबे) लागतील. केबल भिंतीतून आत येते तिथे बाहेरच्या बाजूला खाली वळसा ठेव म्हणजे पागोळीचं पाणी तारेवरून आत न उतरता तिथेच गळेल. आणि रॅकचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घे.

आज रात्री टॉर्च घेऊन पोर्ट १ ची केबल दोन्ही टोकांना बघ, आणि पोर्ट २ चे कॅपिटल एसचे दोन आकडे दहा मिनिटांच्या अंतराने घेऊन मला पाठव, सोबत छोटा जी आणि छोटा एल काय दाखवतात ते. रिंगला हात ते आकडे बघितल्यावर लावू.